काचेच्या नळीतली वीस मिनिटं

सर्पदंशावर विद्यापीठात जाहीर व्याख्यान ठेवायचं, तर समोर कोण बसणार हे आधी ठरवावं लागतं. जागतिक आरोग्य आणि धोरण या विषयावरच्या आमच्या व्याख्यानमालेचं संयोजन माझ्याकडे आहे. तिला एरवी विद्यार्थी, प्राध्यापक आणि निवृत्त मंडळी येतात. या खेपेला निमंत्रणं प्राथमिक आरोग्य केंद्रांचे वैद्यकीय अधिकारी, सिस्टर, आशा, ग्रामसेवक आणि सर्पमित्रांना गेली. साखर कारखान्यांच्या शेती अधिकाऱ्यांनाही बोलावलं, कारण ऊसतोडीच्या टोळ्या खोपटात जमिनीवरच झोपतात. वेळ दुपारी दोनची धरली, म्हणजे गावाकडच्यांना शेवटची एसटी मिळावी. चाळीस मिनिटं भाषण आणि पन्नास मिनिटं प्रश्न. प्रश्न बिननावाच्या चिठ्ठीवर घ्यायचे, कारण आपले साहेब पुढच्या रांगेत असताना सिस्टर माइक हातात घेत नाहीत, आणि खरी माहिती त्यांच्याकडेच असते.

वक्ते डॉक्टर, वर्षानुवर्षं ग्रामीण भागात सर्पदंशाचे रुग्ण पाहिलेले. त्यांनी सुरुवातीलाच व्यासपीठावर एक टेबल मागवलं. एका विद्यार्थ्याची लेखी संमती आधीच घेतली होती. आमच्या सिस्टरनी त्याच्या हाताच्या शिरेतून रक्त काढलं आणि दोन नळ्यांत प्रत्येकी २ मिली घातलं: एक काचेची, नवी, कोरडी, दुसरी साधी प्लॅस्टिकची. सुई लगेच पांढऱ्या डब्यात गेली. दोन्ही नळ्या स्टँडवर उभ्या केल्या, कॅमेरा त्यांच्यावर लावला आणि पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ सुरू केलं. वीस मिनिटं नळ्यांना कुणी हात लावायचा नाही, हलवून बघायचं नाही, असं बजावून डॉक्टर बोलायला लागले.

जगाचे आकडे त्यांनी भराभर सांगितले. दरवर्षी सुमारे ५४ लाख लोकांना साप चावतो, १८ ते २७ लाखांना विषबाधा होते, ८१ हजार ते १ लाख ३८ हजार दगावतात. हात किंवा पाय गमावणारे, कायमचं अपंगत्व येणारे याच्या तिपटीच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं आणि २०१९ मध्ये २०३० पर्यंत मृत्यू आणि अपंगत्व निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट ठरवलं. भारताचा राष्ट्रीय कृती आराखडा मार्च २०२४ मध्ये आला, त्याचंही उद्दिष्ट तेच आहे. प्रतिविषाचा बाजार किती कच्चा आहे हे सांगताना त्यांनी आफ्रिकेचं उदाहरण दिलं. तिथे चालणारं फाव-आफ्रिक हे प्रतिविष सानोफीने २०१४ मध्ये बनवायचं थांबवलं आणि शेवटच्या खेपेची मुदत जून २०१६ मध्ये संपली. घेणारे गरीब, मागणी विखुरलेली, सरकारी खरेदी बेभरवशाची. असं औषध बाजाराच्या भरवशावर टिकत नाही.

वीस मिनिटं झाली. डॉक्टरांनी काचेची नळी उचलून एकदाच तिरपी केली. रक्ताचा गोळा तळाशी घट्ट, काही ओघळलं नाही. मग प्लॅस्टिकची नळी तिरपी केली आणि रक्त पाण्यासारखं काठापर्यंत आलं. सभागृहात कुजबुज सुरू झाली. रक्त एकाच धडधाकट मुलाचं. ‘हा घोणसीचा रुग्ण म्हणून तुमच्या केंद्रावर आला असता तर या दुसऱ्या नळीवरून तुम्ही काय केलं असतं?’ असं त्यांनी विचारलं. मागच्या रांगेतून एका सिस्टरनी उत्तर दिलं, ‘प्रतिविषाच्या दहा व्हायल लावल्या असत्या, सर.’

माझ्या दृष्टीने त्या दिवसाचं व्याख्यान इथे सुरू झालं. घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्तातले गोठवणारे घटक संपून जातात आणि रक्त गोठत नाही, म्हणून ही तपासणी. तिला वीज, यंत्र, प्रयोगशाळा काही लागत नाही. पण रक्त गोठायला सुरुवात होते ती काचेच्या पृष्ठभागामुळे: काचेला रक्त लागलं की गोठण्याच्या साखळीतला बारावा घटक जागा होतो. साध्या प्लॅस्टिकवर तसं होत नाही. काचेची नळी साबणाने धुऊन पुन्हा वापरली तरी आत राहिलेला साबणाचा थर हेच बिघडवतो. लाल झाकणाच्या प्लॅस्टिक नळीत बहुधा गोठवणारं द्रव्य आधीच लावलेलं असतं, त्यामुळे तिच्या निकालावरही विसंबता येत नाही. दवाखान्यांच्या खरेदीत काचेच्या नळ्या आता मागे पडत चालल्या आहेत, कारण बाकी सगळ्या तपासण्यांना प्लॅस्टिक सोयीचं आहे. राष्ट्रीय आराखडा शेवटी या एका नळीपाशी येऊन थांबतो, आणि तिची मागणी इंडेंटमध्ये, म्हणजे मागणीपत्रात, वेगळी लिहिली नाही तर ती येत नाही.

मग फळ्यावर हिशेब झाला. भारतातल्या प्रतिविषाची कुपी कोरड्या पावडरची असते, ती १० मिली पाण्यात विरघळवतात. त्यातलं १ मिली द्रावण नाग किंवा घोणसीचं ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतं, मण्यार किंवा फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते. दहा कुप्या म्हणजे १०० मिली, म्हणजे ६० मिलिग्रॅम. सुरुवातीला आठ ते दहा कुप्या का लागतात, ते यावरून कळतं. लहान मुलालाही डोस तेवढाच, कारण साप मुलाचं वजन बघून विष सोडत नाही. ‘दोन कुप्या लावून पुढे पाठवलं’ असं रेफरल चिठ्ठीवर असतं तेव्हा रुग्णाला जेमतेम १२ मिलिग्रॅमचं संरक्षण मिळालेलं असतं, आणि पुढच्या दवाखान्याला वाटतं उपचार सुरू झालेत.

पुढचे प्रश्न चिठ्ठ्यांवरचे. सर्वांत जास्त चिठ्ठ्या रिअॅक्शनच्या भीतीच्या होत्या, आणि हे मला महत्त्वाचं वाटलं. कमी डोस, उशिरा डोस किंवा नुसतंच रेफर करणं, या सगळ्यांच्या मुळाशी ही भीती आहे. प्रतिविष म्हणजे घोड्याच्या रक्तातून बनवलेली प्रथिनं, ती शिरेत जातात, त्यामुळे खाज, अंगावर गांधी उठणं, थंडी वाजणं, दम लागणं, बीपी कोसळणं हे होऊ शकतं. डॉक्टरांनी क्रम सांगितला तो असा. आधी कातडीखाली टेस्ट डोस देण्यात वेळ घालवू नका, त्यातून पुढची रिअॅक्शन कळत नाही. सलाइन लावायच्या आधीच अॅड्रिनलिनचं इंजेक्शन भरून ट्रेमध्ये ठेवा, मोठ्या माणसासाठी अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत द्यायचं. कुपी गोल फिरवून विरघळवा, जोरात हलवली तर फेस होतो. दहाही कुप्यांचं द्रावण सलाइनमध्ये घालून तासाभरात चढवा आणि तेवढा वेळ शेजारी थांबा. खाज दिसताच सलाइन थांबवा, अॅड्रिनलिन द्या, रुग्ण सावरला की पुन्हा हळू सुरू करा. सहा तासांनी पुन्हा काचेची नळी. सहाच तास का, तर यकृताला नवे घटक बनवायला तेवढा वेळ लागतो. मध्ये उगीच कुप्या वाढवून काही साधत नाही.

एका चिठ्ठीत कोकणातून आलेल्या कुणी विचारलं होतं की चापडा चावला तर काय. चापड्यावर हे प्रतिविष चालत नाही, कारण ते चारच सापांच्या विषावर बनतं. दंश झालेला भाग सांभाळायचा, रक्त गोठतंय का बघत राहायचं आणि त्या रुग्णावर कुप्या खर्चायच्या नाहीत. त्या चार सापांचं विषसुद्धा बहुतांश एकाच ठिकाणाहून येतं, तामिळनाडूतल्या इरुला समाजाच्या १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून. एकाच जातीच्या सापाचं विष प्रांताप्रांतात बदलतं. आपल्या भागातल्या सापांचं विष गोळा करून प्रतिविष तपासणं हे धोरणाचं काम आहे, आणि ते व्हायला हवं असं मला ठामपणे वाटतं.

आशाताईंच्या चिठ्ठ्या मण्यारीच्या होत्या. ती रात्री झोपेत चावते, दुखत नाही, खूण सापडत नाही. पहाटे पोट दुखायला लागतं, उलट्या होतात, मग पापण्या जड होतात. घरचे अॅसिडिटी समजतात. पापणी पडलेला, गिळता न येणारा माणूस दिसला की साप पाहिला का हे विचारत बसायचं नाही, १०८ बोलवायची. वाटेत श्वास मंदावला तर अॅम्बू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायची पिशवी, दाबत राहायची. दवाखान्यापर्यंत जीव त्यावरच तगतो. प्रतिबंधाचा उपाय मात्र सोपा आहे: अंथरुणाखाली चारही बाजूंनी नीट खोचलेली मच्छरदाणी. कारखान्याच्या अधिकाऱ्यांनी हे लगेच टिपून घेतलं. मुकादमामार्फत टोळीला मच्छरदाण्या देता येतील का, हा त्यांचा प्रश्न सगळ्यांत कामाचा होता.

ग्रामसेवकांनी माइक मागून घेतला. ‘घरचे सांगतात पान लागलं, म्हणजे साप चावला. दवाखान्यात नेलंच नाही, तर मी कारण काय लिहू?’ यावर डॉक्टर थांबले आणि उत्तर द्यायला मला सांगितलं, कारण विषय माझ्या शाखेचा. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख लोक मेले, वर्षाला सरासरी ५८ हजार, हा अंदाज घरोघरी जाऊन केलेल्या चौकशीतून आला. प्रशिक्षित गणकांनी घरच्यांच्या तोंडून, त्यांच्या भाषेत मृत्यूची हकीकत लिहून घेतली आणि दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे कारण ठरवलं. दवाखान्यांच्या नोंदी यापेक्षा कितीतरी कमी आहेत. मृत्यू अहवालाच्या नमुना क्रमांक २ मध्ये, कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित आहे का, हा वेगळा रकाना आहे आणि आजाराचं किंवा प्रत्यक्ष कारणाचं नाव लिहायचा वेगळा. पहिल्यात ‘नाही’ लिहावं, दुसऱ्यात घरच्यांनी सांगितलेलं ‘सर्पदंश’ स्पष्ट लिहावं. ‘आकस्मिक’ लिहिलं की तो मृत्यू मोजणीतून जातो. शेतकरी कुटुंबाचं नुकसान वेगळंच: गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाच्या मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात, पण कागदावर कारणच नसेल तर अर्ज उभा राहत नाही.

रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी तपासलं. नळ्यांचा भाग वेगळा कापून त्यावर मराठी अक्षरांत सहा ओळी टाकल्या: नळी काचेची, नवी, कोरडी, रक्त २ मिली, वीस मिनिटं न हलवता, एकदाच तिरपी. तो तुकडा आणि डोसचा हिशेब प्रत्येक केंद्राच्या मोबाइल गटावर गेला. पुढच्या वर्षीचं हे व्याख्यान मे महिन्यात धरलं आहे, कारण जूनपासून पेरणी सुरू होते, दंश वाढतात आणि केंद्रांवरची माणसं हलू शकत नाहीत. काचेच्या नळ्यांचं इंडेंटही त्याआधीच गेलेलं असायला हवं.