तुम्ही विचारलंत म्हणून: बदलीच्या गावी शाळा कोणती घ्यावी?

"नाशिकला बदली झालीय, मुलासाठी एखादी चांगली शाळा सुचवा ना." मे महिना लागला की हा प्रश्न सुरू होतो आणि मी नाव सांगत नाही म्हणून माणसं नाराज होतात. मूल कितवीत आहे, माध्यम कोणतं, बोर्ड कोणतं, पुढची बदली राज्यात होणार की बाहेर, यातलं काहीच कळलेलं नसताना मी नाव कोणत्या भरवशावर सांगू? चांगली शाळा म्हणून जे नाव मी पहिलीतल्या मुलाला सांगेन, तेच दहावीतल्या मुलाला अडकवू शकतं.

चौथीपर्यंतचं मूल असेल तर घराजवळची शाळा घ्या. रोज जाऊन-येऊन दीड तास बसमध्ये बसणाऱ्या सात वर्षांच्या मुलाला कुठल्याही बोर्डाचा फायदा होत नाही. मात्र पहिलीचं वय आधी तपासा. राज्यातल्या शाळांत ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होत असली तरी चालतं, केंद्रीय विद्यालयात ३१ मार्चला पूर्ण लागतात. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत मोफत ठेवलेल्या, २५ टक्के जागांवरचे प्रवेश फक्त प्रवेशस्तरावर, म्हणजे पहिलीला किंवा पूर्वप्राथमिकला होतात. तिसरीतलं मूल त्या कोट्यातून नव्या गावात जागा मिळवू शकत नाही, तेव्हा फीचा हिशेब आधीच करा.

पाचवीपासून पुढे वेळापत्रक बघा. सीबीएसईच्या शाळा बहुधा एप्रिलमध्ये सुरू होतात; राज्य मंडळाच्या जूनच्या मध्यावर, विदर्भात उन्हामुळे आणखी उशिरा. जूनमध्ये सामान घेऊन पोचलेल्या मुलाचे सीबीएसईत दोन महिने शिकवून झालेले असतात. प्रवेशाच्या दिवशीच कोणते धडे झाले ते विचारा आणि एखाद्या मुलाच्या वह्या मागून घ्या.

आता दहावीचं. इथे मी जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त रडारड इथेच होते. मूल राज्य मंडळातून नववी पास झालं, वडिलांची बदली झाली, नव्या गावातल्या सीबीएसई शाळेने सांगितलं, "जागा आहे, फी भरा." फी भरली जाते. जुन्या शाळेतून दाखला काढला जातो, म्हणजे तिथल्या पटावरून नाव जातं. आणि मग कळतं की दहावीत थेट प्रवेश देणं शाळेच्या एकटीच्या हातात नाही. सीबीएसईत नववी-दहावी हा दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रम धरतात, नोंदणी नववीतच होते. दुसऱ्या मंडळातून नववी केलेल्या मुलाला दहावीत घ्यायचं तर पालकांची बदली किंवा कुटुंबाचं स्थलांतर हे कारण लागतं. बदलीचा आदेश, नववीची गुणपत्रिका आणि शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी असलेला दाखला जोडावा लागतो आणि बोर्डाची मान्यता लागते. एक कागद कमी पडला की प्रकरण लटकतं. मूल वर्गात बसतं, चाचण्या देतं, पण परीक्षेच्या यादीत त्याचं नाव येईल की नाही हे घरात कुणालाच माहीत नसतं. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला ते सगळं समजत असतं.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी नव्या शाळेकडून लेखी घ्या की मान्यतेचा प्रस्ताव कधी जाणार आणि कोणते कागद लागणार. दाखला त्यानंतर काढा. यातलं काहीच जमत नसेल तर त्याच बोर्डात राहा. राज्य मंडळाचे नऊ विभाग आहेत, पण अभ्यासक्रम एकच, त्यामुळे लातूरचं मूल नागपुरात त्याच पुस्तकावर बसतं. नाहीतर एक वर्ष मुलाला आजीकडे ठेवा. "कुटुंब फुटतं," असं म्हणतात. एक वर्ष फुटतं, हो. त्याचा त्रास मी नाकारत नाही.

दाखला हातात आला की शाळेच्या ऑफिसातून बाहेर पडण्याआधी वाचा. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात. जनरल रजिस्टरमधली, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीतली, दुरुस्ती मूल त्या शाळेत असतानाच सोपी असते. एकदा शाळा सोडली की ती फार जड जाते, आणि पुढे जात पडताळणीला हाच कागद मागतात. आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव वेगळं असेल तर यू-डायस या शाळा-विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या सरकारी पोर्टलवर विद्यार्थी जुन्या शाळेतून नव्या शाळेत ओढतानाही अडतं. दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला आठवीपर्यंतचा प्रवेश अडवता येत नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ तेच सांगतं, ते शांतपणे दाखवा.

"बदलीची नोकरी असेल तर डोळे मिटून सीबीएसई घ्या," असं मी पूर्वी सरसकट सांगायचे. राज्याबाहेर जाणाऱ्यांना आजही तेच सांगते, कारण आपलं सेमी इंग्रजी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि इतिहास-भूगोल मराठीतून, हा प्रकार इंदूरला किंवा बेंगळुरूला सापडत नाही. पण ज्यांच्या बदल्या सांगली-सातारा-सोलापूर इतक्याच टापूत होतात, त्यांनी मराठी शाळा का सोडावी? हे म्हटलं की पूर्वीची मीच उलट विचारते: पुढे एकदम दिल्लीला बदली झाली तर? त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. सेमी इंग्रजीतल्या सातवीच्या मुलाला आत्ताच हलवावं की दहावी करून अकरावीला, हे मी अजूनही प्रत्येक मुलाची वही पाहूनच सांगते आणि दोन घरांना दोन वेगळी उत्तरं देते.