उजेडात तिरकी धरलेली रेकॉर्ड

रेकॉर्ड्स जमवायचा नाद लागला की आधी डोळे तयार होतात. कानांचा नंबर बराच नंतर लागतो.

जुनी रेकॉर्ड हातात आली की कव्हर बघून हरखायचं नाही. ते कितीही देखणं असलं तरी वाजत नाही. तबकडी बाहेर काढायची, कडेला तळवे टेकवून धरायची आणि उजेडात तिरकी करायची. केसासारखे बारीक ओरखडे बहुधा निभावून जातात. नख अडकेल असा चरा असला, तर तिथे सुईही अडखळणार. मी सगळ्यात जास्त वेळ घालवते तो मधल्या भोकापाशी. रेकॉर्ड लावणाऱ्यानं घाईत, कधी चष्म्याशिवाय, ते भोक चाचपडत खुंटीवर बसवलेलं असतं आणि त्या चाचपडण्याच्या रेघा लेबलवर उमटतात. रेघांचं जाळं दिसलं की समजावं, ही कुणाची तरी लाडकी होती. म्हणजे झिजलेलीही असणार!

सुई ज्यातून फिरते तो चर एका बाजूला एकच असतो, बाहेरून आत गुंडाळत गेलेला. वीस-बावीस मिनिटांची बाजू उलगडली तर तो जवळपास अर्धा किलोमीटर भरेल. तबकडी मात्र मिनिटाला ३३⅓ फेरे हा आपला वेग सोडत नाही. त्यामुळे कडेला एका फेऱ्यात सुईखालून ९० सेंटिमीटरच्या आसपास चर सरकतो, तर लेबलजवळ जेमतेम ४०. तेवढ्याच वेळाचं गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. शेवटच्या गाण्यातले 'स' आणि 'श' फिसकारतात ते बरंचसं यामुळेच. म्हणून घेण्याआधी ऐकायची सोय असेल तर सुई सरळ शेवटच्या गाण्यावर ठेवावी. पहिलं गाणं सगळ्यांचंच बरं वाजतं.

नवशिक्याचा पैसा बहुतेक रेकॉर्ड्सच्या ढिगात जातो आणि प्लेअर घ्यायची वेळ आली की हात आखडतो. माझं मत उलट आहे. चांगल्या प्लेअरची सुई दोनेक ग्रॅम भारानं चरावर टेकते आणि तो भार कमीजास्त करता येतो. स्वस्तातल्या पेटीवजा प्लेअरवर सुई बऱ्याचदा याहून जड बसते आणि जमवलेलं सगळं हळूहळू खरवडते. दहाच रेकॉर्ड्स असू द्याव्यात, पण सुई नीट असावी.

आणि ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांच्या मोहात लगेच पडू नये. १९४८ साली कोलंबिया कंपनीनं एलपी, म्हणजे ३३⅓ फेऱ्यांची जास्त वेळ वाजणारी रेकॉर्ड आणली, त्याआधीचा जमाना या तबकड्यांचा. बहुतेक लाखेच्या; हातातून सुटली की तुकडे. दहा इंचीवर एका बाजूला तीनेक मिनिटं. त्यांचा चर रुंद, म्हणून सुईही वेगळी लागते. प्लेअरवर ७८चं बटण आहे एवढ्यानं भागत नाही.

ठेवायच्या मात्र उभ्याच. थप्पी लावली की खालच्या बिचाऱ्या दबतात, वाकतात.

कधीकधी एक बाजू करडी पडलेली आणि दुसरी काळीभोर, चकचकीत अशी रेकॉर्ड हाताला लागते. गाजलेलं गाणं पहिल्या बाजूवर, म्हणून तीच पुन्हा पुन्हा लावलेली. उलटायचे कष्ट कुणी घेतलेले नाहीत. विकणारा ती जरा ओशाळूनच पुढे करतो. मी घेते. दुसऱ्या बाजूची गाणी मला बहुतेक वेळा ठाऊकच नसतात.