पुदिना अखेर हिरवाच वाळला (पाला वाळवण, खेप १७)

मंडळी, झालं एकदाचं! काल रात्री साडेअकराला पुदिन्याचा शेवटचा ट्रे बाहेर काढला, एक पान चिमटीत धरलं तर कुर्रकन मोडलं आणि रंग बघते तर हिरवा. शेवाळी नाही, मेंदीचा नाही, जुडीत असतो तसा हिरवा, फक्त जरा गडद. ते पण ऑगस्टमध्ये, डोंबिवलीत, बाल्कनीतला हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र) ८८ टक्के दाखवत असताना. मी लगेच आईंना (सासूबाईंना) उठवून दाखवलं, त्यांनी चुरा तळहातावर घासून वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हा तर ताजाच आहे." जून महिन्यापासून हे ऐकायची वाट बघत होते.

बाकीचं आधी पटकन सांगून टाकते. कढीपत्ता ठरलेल्या पद्धतीनं मस्त चाललाय, त्याच्यात आता काही बदलणार नाही. गवती चहा कात्रीनं अर्धा अर्धा इंच कापून मगच ट्रेवर घालायचा हे मागच्या वेळी ज्यांनी सुचवलं त्यांना मनापासून धन्यवाद, लांब पाती अख्खी ठेवली की वरून वाळल्यासारखी वाटतात आणि आत ओल राहते, कापल्यावर वेळ निम्म्याहून कमी झाला. ओव्याची पानं मात्र सोडली, इतकी मांसल आहेत की पावसात त्यांच्यामागे लागण्यात अर्थ नाही, मार्चमध्ये बघू.

आता पुदिना. मागच्या चार खेपांत काय काय झालं ते तुम्हाला माहितीच आहे. पेपरवर पसरून पंख्याखाली तीन दिवस, तर काळा आणि वर कुबट वास. एअर फ्रायरमध्ये आमचं कमीत कमी ८० डिग्री, पानं उडून वर कॉइलला चिकटली आणि रंग खाकी. सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात बुडवून काढला तर रंग एकदम सुंदर राहिला पण वास सगळा पाण्यात गेला, आणि वास नसलेला पुदिना डब्यात भरून करायचं काय. मायक्रोवेव्हमध्ये टिश्यूच्या दोन घड्यांमध्ये ठेवून शेवटपर्यंत वाळवायला गेले तर दुसऱ्या मिनिटानंतर ठिणग्या उडायला लागल्या आणि जळका वास आठवडाभर गेला नाही.

म्हणून शेवटी डिहायड्रेटर (कोमट हवेवर पाला वाळवायचं मशीन) घेतला ना, पाच ट्रेचा, खाली पंखा असलेला. ४५ ला लावला तरी पुदिना काळा. मला वाटलं माझंच काही चुकतंय. मग स्वयंपाकातला प्रोब थर्मामीटर खालच्या ट्रेवर टेकवून बघितला तर ५८! आणि सगळ्यात वरच्या ट्रेवर ३९. म्हणजे आकडा लिहिलाय ४५ आणि एकाच मशीनमध्ये १९ डिग्रीचा फरक. कंपनीला कळवलं तर उत्तर आलं की ट्रे फिरवत राहा. बरं, फिरवते, पण मग आकडा छापता कशाला? ज्यांना घ्यायचाय त्यांनी माझं ऐका, पंखा मागच्या बाजूला असलेला, हवा आडवी फिरवणारा घ्या, महाग पडतो पण प्रत्येक ट्रेला हवा सारखी लागते. आणि कुठलाही घेतलात तरी स्वतंत्र थर्मामीटर हवाच. मी आता थर्मामीटर बघूनच नॉब लावते आणि खालचे दोन ट्रे रिकामे सोडते, मग वरच्या तिन्ही ट्रेवर खरे ४० ते ४२ मिळतात.

एवढं करून पण काळाच! फक्त आता एक गोष्ट लक्षात आली. पानं सगळी सारखी काळी होत नव्हती. एक पान उजेडात धरून बघितलं, मधली शीर काळी, तिच्या दोन्ही बाजूंना हिरवं, आणि एका कडेला चंद्रकोरीसारखी बारीक काळी रेघ. ती रेघ माझ्या नखाची होती. निवडताना देठापासून पान ओढलं तेव्हा जिथे नख लागलं बरोबर तिथेच काळं पडलं होतं. मग सगळा ट्रे घेऊन बसले आणि एकेक पान तपासलं, जिथे दुमडलं तिथे काळं, जिथे दोन ओली पानं एकावर एक चिकटली तिथे काळं, जिथे पाणी साचून राहिलं तिथे काळं.

म्हणजे हे सफरचंद चिरल्यावर होतं तेच. पेशी फुटली की पानातले फिनॉल (झाडातलीच नैसर्गिक रसायनं) आणि पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन असतोच, की झालं काळं. आणि हळूहळू वाळताना पान कोमेजतं तेव्हा न दुखावलेल्या पेशी पण आपोआप फुटत जातात, त्यात आत ओल असते, वर कोमट हवा, म्हणजे एन्झाइमला पाहिजे ते सगळं आपणच देतोय. उलट जास्त तापवलं की वेगळाच प्रॉब्लेम, हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो आणि तो खाकी रंग येतो. काळा आणि खाकी हे दोन वेगळे आजार आहेत आणि मी इतके दिवस दोन्हीवर एकच औषध करत होते.

तरी उपाय सुचला नव्हता, तो लाइट गेल्यामुळे मिळाला. गेल्या बुधवारी एक घाणा मायक्रोवेव्हमध्ये टाकला होता, म्हटलं आधी थोडं पाणी उडवून घेऊ म्हणजे डिहायड्रेटरचा वेळ वाचेल. पाऊण मिनिट झालं आणि लाइट गेली. वीस मिनिटांनी आली तेव्हा पानं मऊ, पालक उकडल्यासारखी लोळागोळा झालेली, म्हटलं वाया गेली. टाकवेना म्हणून एका ट्रेच्या कोपऱ्यात पसरून ठेवली, बाकीच्या ट्रेवर नेहमीसारखी कच्ची पानं. सकाळी बघते तर अख्खा ट्रे काळा आणि तो कोपरा हिरवागार!

दोन मिनिटं कळेचना. मग डोक्यात प्रकाश पडला, मायक्रोवेव्हनं पानातलंच पाणी तापवून ते एन्झाइम मारून टाकलं. सोड्याच्या पाण्यात बुडवून जे करत होते तेच, फक्त पाण्याशिवाय, म्हणून वास धुऊन गेला नाही. आपण सगळे मायक्रोवेव्ह शेवटी वापरतो, कुरकुरीत करायला, आणि तिथेच ठिणग्या उडतात कारण पानात पाणी उरलेलं नसतं. तो सुरुवातीला वापरायचा, पान पूर्ण ओलं असताना, आणि पुढचं वाळवण कोमट हवेवर सोडायचं. एवढंच होतं!

योगायोग नको म्हणून तीन वेळा परत केलं, दर वेळी एकाच जुडीतली अर्धी पानं मायक्रोवेव्ह करून आणि अर्धी तशीच, शेजारी शेजारी ट्रेवर. तिन्ही वेळा अर्धा ट्रे हिरवा, अर्धा काळा. कालची खेप पूर्ण सांगते म्हणजे करून बघता येईल. सहा जुड्या आणल्या, निवडून पानं २०० ग्रॅम निघाली. आता नखानं ओढत नाही, बारीक कात्रीनं देठ कापते. धुतल्यावर आईंच्या सांगण्याप्रमाणे सुती पंच्यात सैल बांधून बाल्कनीत गरगर फिरवलं, पाणी इतकं छान निघतं की सॅलड स्पिनर घ्यायचा विचार रद्द केला. मग २५-२५ ग्रॅमचे घाणे, काचेच्या ताटावर एक पदर पसरून, फुल पॉवरवर ४५ सेकंद (माझा ८०० वॅटचा आहे, तुमचा जास्त असेल तर ३५ पासून सुरू करा). २५ चे १८ ग्रॅम होतात. बाहेर काढल्या काढल्या पानं मोकळी करायची, गठ्ठा राहिला तर आतली ओल सुटत नाही. मग खऱ्या ४२ डिग्रीवर साडेतीन तास. शेवटी ३२ ग्रॅम.

वजनावर माझा सगळ्यात जास्त विश्वास बसलाय. पुदिन्याच्या पानात ८५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणजे २०० ग्रॅममध्ये कोरडा माल साधारण ३० ग्रॅम, त्यामुळे ३२-३३ ला आलं की थांबायचं. ४० ग्रॅमला हाताला कुरकुरीत लागलं तरी फसू नका, डब्यात दोन दिवसांत सादळतं आणि मग बुरशी. पाच किलोचा साधा डिजिटल काटा पुरतो, फक्त एका ग्रॅमचा फरक दाखवणारा हवा.

आईंना मी विचारलं की गावी पावसात पाला कसा वाळवायचात, तर म्हणाल्या, "चुलीच्या वर फळी टांगलेली असायची, तिच्यावर. उन्हात पाला कोणी घालतं का, रंग उडतो." हे ऐकून मी आकडेमोड केली. आमच्याकडे २८ डिग्रीला ८८ टक्के दमटपणा आहे, तीच हवा ४२ पर्यंत तापवली की दमटपणा ४० टक्क्यांच्या आसपास येतो. हवेतलं पाणी तेवढंच, पण हवेची पाणी धरायची ताकद दुपटीनं वाढते. चुलीवरच्या फळीला नेमकं हेच होत असणार. नुसता पंखा लावून पावसात काही होत नाही ते याच्यामुळेच, तो ओलीच हवा फिरवतो.

आता डब्यात भरून रोज सकाळी काच बघायची, आठवडाभर. आतून जराही धुकं दिसलं तर परत अर्धा तास ट्रेवर. सिलिका जेलच्या पुड्या वापरणार असाल तर निळे दाणे खाण्याजवळ अजिबात नको, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, साधे पांढरे घ्या. आज दुपारी मठ्ठ्यात चिमूटभर चुरा टाकला, वर तरंगत राहिला हिरवा हिरवा, आणि पहिल्या घोटाला तो थंड गोडसर वास आला. मुलानं दोन ग्लास प्यायले आणि विचारलं पुदिना कधी आणलास.

पुढच्या खेपेला तुळस घेणार, ती पुदिन्याच्याच कुळातली आणि तशीच काळी पडते, त्यामुळे ४५ सेकंदांची युक्ती लागू पडायला हवी. नंतर थंडीत मेथी. तिला कसुरी म्हणणार नाही, कारण खरी कसुरी मेथी ही वेगळी जात आहे, आपल्या जुडीतल्या मेथीची बहीण म्हणा. पण आपल्या मेथीचा वास वाळल्यावर वाढतो, त्यामुळे ती सोपी जाईल.

आणि कोथिंबीर मी यादीतून काढून टाकणार होते. रंग या पद्धतीनं राहीलही, पण तिचा वास ज्या अल्डिहाइड्सचा (वास देणाऱ्या रसायनांचा) असतो ती इतकी उडून जाणारी की ४२ डिग्रीवरच निघून जातात, खाली वाळलेलं गवत उरतं. असं लिहीत होते आणि लिहितानाच डोक्यात आलं की उष्णता नकोच असेल तर फ्रिज का नाही? आमचा फ्रॉस्ट-फ्री आहे, त्यात ओल मागच्या कॉइलवर गोठते आणि वितळून बाहेर जाते, म्हणून आतली हवा कोरडी, उघडी राहिलेली पोळी रात्रीत कडक होते ती त्यामुळेच. भाजीच्या ड्रॉवरमध्ये नाही, तिथे मुद्दाम ओल धरून ठेवतात, वरच्या कप्प्यात उघडं ठेवायचं. वेळ लागेल, आठ-दहा दिवस, कदाचित जास्त, पण थंडीत एन्झाइम पण मंद आणि वास पण जागेवर. आपल्याला लवकर वाळवायचं असतं हे खरं, पण कोथिंबिरीच्या बाबतीत मी घाई सोडायला तयार आहे.

उठून आत्ताच लावून आले. स्टीलच्या चाळणीत एक पदर, वर मलमलचा तुकडा, दूध-दही सगळं झाकून. वजन ८० ग्रॅम, वेळ रात्री १०:४०.

सकाळी ७ ला परत बघितलं, ७१ ग्रॅम. पानं अजून मऊ, एकही काळा डाग नाही, आणि दार उघडल्या उघडल्या कोथिंबिरीचा वास.