सराफाच्या काट्यावर कार्बोरेटरचे फ्लोट

नागपुरात मोटारसायकलींचे कार्बोरेटर खोलण्यातच माझी वीस वर्षं गेली. मे महिन्यात एका जुन्या गिऱ्हाइकाचा, काकांचा फोन आला, "भाऊ, विमानाचं इंजिन पाहून देता का?" उमरेड रोडच्या शेडमध्ये ते स्वतः दोन सीटचं विमान बांधून राहिले होते. उडवायची परवानगी अजून यायची होती, इंजिन फक्त जमिनीवर चालवायचं होतं.

ऊन तापायच्या आत, सहालाच पोचलो. चार सिलिंडर, दोन कार्बोरेटर, एकेका बाजूला एक. आत डायफ्रामचा रबरी पडदा, म्हणजे ओळखीचाच प्रकार. दोन्ही बाजूंची हवेची ओढ सारखी नसली तर इंजिन थरथरतं, म्हणून ती ओढ मोजणारे दोन व्हॅक्यूम गेज लावून काटे जुळवायचे. चाकांना ठोकळे, शेपटीला दोर. पंखा फिरायला लागला की दिसतच नाही, म्हणून काकांनी जमिनीवर चुन्याची रेघ ओढून ठेवली होती.

आधी स्पार्क प्लग काढले. उजवीकडचे विटकरी, म्हणजे ठीक. डावीकडचे दोन्ही काजळीने माखलेले, म्हणजे पेट्रोल जास्त. १८०० आरपीएमवर डाव्या कार्बोरेटरचा स्क्रू जरा फिरवला आणि काटे जुळले. "जमलं न भाऊ!" काका म्हणाले. दहा मिनिटांत डावा काटा पुन्हा हलायला लागला आणि कार्बोरेटरखालच्या ट्रेमध्ये पेट्रोलचे थेंब दिसले. हात परत स्क्रूकडे गेला होता. तिथेच थांबलो आणि इंजिन बंद करायला सांगितलं. सेटिंग टिकत नाही म्हणजे दुखणं स्क्रूत नाही.

चोकची केबल पाहिली, ढिली होती, ठीक. मग तारेची क्लिप सरकवून खालची पेट्रोलची वाटी काढली. आत फ्लोट, पेट्रोलवर तरंगणारे तुकडे. पेट्रोल पुरेसं भरलं की ते वर येतात आणि सुई येणारं पेट्रोल बंद करते. मोटारसायकलमध्ये दोन्ही फ्लोट जोडलेले असतात. इथे प्रत्येक फ्लोट आपापल्या खिळ्यावर सुटा वरखाली होतो. एक चांगलाच बुडालेला. फ्लोट पेट्रोल पिऊन जड झाला की पुरेसा वर येत नाही, सुई नीट बसत नाही, वाटीतली पातळी वाढत जाते आणि मिश्रण घट्ट होतं, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. काकांनी मॅन्युअल उघडलं: दोन फ्लोट मिळून ७ ग्रॅमच्या वर नकोत.

७ ग्रॅम! घरातल्या काट्यावर एकदा सात दिसायचे, एकदा आठ. शेवटी दोन्ही कार्बोरेटरच्या जोड्या वेगवेगळ्या रुमालात बांधून इतवारी बाजारात सराफाकडे गेलो. त्याने काचेच्या पेटीतला काटा शून्यावर आणला. उजवी जोडी ६.२, डावी ८.४. त्याने पैसे घेतले नाहीत, फक्त विचारलं, "उडणार कधी?"

परतताना गाडी चालवताना अंगावर काटा आला. मी स्क्रू फिरवून काटे जुळवून दिले असते, तर ते दुखणं झाकलं गेलं असतं आणि पुढे कधीतरी उड्डाणात, चढ घेताना, डावी बाजू गुदमरली असती.

नवी जोडी आली तीही आधी इतवारीत तोलली, मगच बसवली. अर्धा तास इंजिन चाललं, काटे जागचे हलले नाहीत. काकांनी वहीत तारीख, वजनं, स्क्रूचे फेरे लिहिले आणि वही माझ्यापुढे केली. केलेल्या कामाखाली सही करायची माझी ती पहिलीच वेळ. हात पुसले आणि पूर्ण नाव लिहिलं.