तुम्ही विचारलंत म्हणून: शनिवारचे शटर

“मिस्त्री, शनिवारी देवासाठी दुकान बंद ठेवता, मग बाकीचे दिवस गिऱ्हाइकांवर एवढे का ओरडता?” माझे मोटर भरण्याचे, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून देण्याचे दुकान आहे, आणि हा प्रश्न मला दुकानात, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर दफनविधीहून परतताना विचारला गेला आहे. आमचे ख्रिस्ती नातेवाईकही तो विचारतात, फक्त जरा हसून. नगर जिल्ह्यात रविवार पाळणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ सालापासूनचे. त्यामुळे इथल्या बहुतेक ख्रिस्ती घरांत उपासनेचा वार रविवार, आणि शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ, म्हणजे कामधंदा बंद ठेवून देवाला दिलेला दिवस, पाळणारे आम्ही ॲडव्हेंटिस्ट म्हणजे त्यांच्या लेखी अंमळ जास्तच सोवळे. एवढे सोवळे पाळणाऱ्याला जीभ का सांभाळता येत नाही, असा त्या हसण्याचा अर्थ असतो.

आजवर मी दोन उत्तरे देत आलो. पहिले धंद्याचे. वीज आली की पंप आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच लावून निवांत झोपायचे, रात्री तीनपैकी दोनच फेज आले की मोटर जाळून घ्यायची आणि सकाळी माझ्यासमोर उभे राहून “तुम्हीच नीट भरली नव्हती” असे म्हणायचे. यावर ज्याला राग येत नाही त्याने माझ्या दुकानात आठवडाभर बसून दाखवावे. दुसरे उत्तर शास्त्रातले, म्हणजे बायबलातले. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात वाळलेल्या हाताचा मनुष्य सभास्थानात आहे, येशू शब्बाथ दिवशी त्याला बरे करतो की काय म्हणून लोक टपून बसले आहेत, आणि येशूने त्यांच्याकडे रागाने पाहिले असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. प्रभूला राग आला तर मला का येऊ नये? हे उत्तर मी कितीतरी वर्षे वापरले, आणि समोरचा गप्प बसला की ते बरोबर असल्याची माझी खात्री पटत असे.

आता ज्या शनिवारी ही उत्तरे अपुरी पडली त्याबद्दल. एप्रिल संपत आला होता. सकाळी साडेआठच्या सुमारास मी पांढरा सदरा घालून, शास्त्र हातात घेऊन शब्बाथ शाळेला, म्हणजे शनिवार सकाळच्या शास्त्राभ्यासाला, निघालो होतो, तोच दुकानापुढे पिकअप येऊन थांबला. तात्या होते (आमच्याकडे अर्धे गाव तात्याच आहे), सोबत दहा-अकरा वर्षांचा नातू, आणि मागे विहिरीवरची पाच एचपीची ओपनवेल मोटर. मी संध्याकाळी सातला या म्हणालो. ते म्हणाले, सात गाई आहेत, हौदात रात्रीपासून थेंब नाही. संकरित दुभती गाय उन्हाळ्यात दिवसाला शंभर लिटरपर्यंत पाणी पिते, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती, मला ठाऊक होते. मी पुन्हा म्हणालो, शब्बाथ आहे. त्यावर ते म्हणाले, “तुमचा देव जनावरांना पाणी पाजू नका म्हणतो का?”

आदल्या दिवाळीपासून त्यांच्याकडे माझे चौतीसशे रुपये अडकले होते, आणि हा माणूस शनिवारी नुसता लोळत पडतो, असे ते चहाच्या टपरीवर बोलल्याचेही माझ्या कानावर आले होते. मी म्हणालो, “मागचे चौतीसशे आधी टाका, मग माझा देव काढा.” आणि शुक्रवारी सूर्यास्ताच्या घाईत ओट्यावर राहून गेलेला वीस-बावीसचा पाना उचलून मी शटरवर फेकला. त्यांच्या अंगावर नाही. हे मी प्रत्येक वेळी सांगतो, आताही सांगितले. पत्र्याचा आवाज झाला तसा तो मुलगा आजोबांच्या मागे सरकला. शब्बाथाला हत्याराला हात लावत नाही म्हणून ज्याला परत पाठवत होतो, त्याच्यासमोर मी हत्यार उचलले होते, आणि पैशाची गोष्टही काढली होती. शटरला पोचा आहे तो तेव्हाचा.

बायको दारातूनच म्हणाली, “भरायची नसेल तर नका भरू. पण आपली जादाची मोटर त्यांना न्यायला सांगायला शब्बाथ आड आला का?” एरवी कुणाची मोटर भरायला दोन दिवस लागणार असले की तोवर वापरायला मी दुकानातली मोटर देतोच. तोवर पिकअप वळला होता.

दिवसभर मी उपासना केली, गीते गायली, आणि दुपारनंतर दिनदर्शिकेतली सूर्यास्ताची वेळ बघत बसलो. रागात असताना सूर्य मावळू देऊ नका, असे पौलाने इफिसकरांस लिहिले आहे. मी मात्र राग तसाच धरून सूर्य कधी मावळतो याची वाट पाहत होतो. सातला फोन केला. “बसली मोटर दुसरीकडून,” एवढे बोलून तात्यांनी फोन ठेवला. आठवड्याने नातू चौतीसशे रुपये घेऊन आला. मी ते घेतले, आणि त्याच्यासमोर मोजूनही घेतले.

मार्कचा तो अध्याय त्यानंतर मला पूर्वीसारखा वापरता आला नाही. त्या माणसाचा जीव जात नव्हता, संध्याकाळपर्यंत थांबता आले असते. त्या टपून बसलेल्या परूश्यांचे, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणाऱ्यांचे, म्हणणे अगदीच वेडगळ नव्हते. तरी येशू थांबला नाही, आणि शब्बाथाचे नाव घेऊन जे टपून बसले होते त्यांच्यावरच तो रागावला. म्हणजे ज्या रागाचा मी दाखला देत होतो तो माझ्या बाजूचा नव्हताच. पण माझ्यातला जुना मिस्त्री अजूनही वाद घालतो: एकाची मोटर शनिवारी भरली की दहा येतील, दहांत गरजू दोन असतील, आणि मग शब्बाथ कुठे उरला? लूकच्या तेराव्या अध्यायात शब्बाथाला बैल सोडून पाण्यावर नेण्याची गोष्ट आहे, त्यासाठी कुणी बिल केल्याचे लिहिलेले नाही. यावर मला अजून उत्तर सापडलेले नाही.

आमच्यात प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करण्याच्या विधीआधी, एकमेकांचे पाय धुतात, साधारण तीन महिन्यांतून एकदा. त्या वेळी मी मेव्हण्याचे पाय धुतले, ज्याच्याशी माझे काहीच वाकडे नाही. तात्यांच्या मळ्यावर जावे असे मनात आले होते. ते नाटक वाटेल म्हणून गेलो नाही, निदान कारण म्हणून मी तेच सांगतो.

आता जादाची मोटर शुक्रवारी दुपारीच बाहेर पडवीत काढून ठेवतो. शनिवारी ज्याला गरज असेल त्याने न्यावी. पैसे नाहीत, वहीत नोंद नाही. लोकांना ते कळले आहे. एकाने मागच्या महिन्यात ती शनिवारी नेली आणि गुरुवारी, केबल तोडून, परत आणली. परवाच्या शनिवारी तोच पुन्हा आला. मोटर मी दिली, पण बांधायला दोर देताना त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही.