तुम्ही विचारलंत म्हणून: सनद (वकिलीचा परवाना) निलंबित झाली, आता अपील कुठं?

साताऱ्याच्या बाररूममध्ये हा प्रश्न मला वर्षातून दोन-तीनदा येतो, तोही आवाज खाली आणून: "ताई, एका मित्राची सनद सहा महिने निलंबित झालीय. हायकोर्टात अपील टाकायचं ना?" मित्र कोण ते मी विचारत नाही.

हायकोर्टात नाही. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणारी राज्यातली संस्था, तिच्या शिस्तपालन समितीनं शिक्षा दिली की अपील दिल्लीला, बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट 1961, कलम 37. तिथं हरलात तर कलम 38 खाली थेट सुप्रीम कोर्ट. रिट अर्ज घेऊन हायकोर्टात जाणारे जातात, आणि 'कायद्यानं अपील दिलंय, ते आधी करा' एवढं ऐकून बहुधा परत येतात.

मुदत दोन्हीकडे 60 दिवस. ते आदेशावरच्या तारखेपासून नाही, आदेश तुम्हाला कळवला त्या दिवसापासून मोजायचे. एक ज्येष्ठ सहकारी आदेश घेऊन आले होते, पंच करून फायलीत लावलेला. कधी मिळाला ते पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून कळतं, म्हणून मी विचारलं, "पाकीट कुठंय?" "ते काय करायचंय? टाकलं असेल." अशिलाच्या केसमध्ये समन्सच्या बजावणीवरून तासभर भांडणारा माणूस!

आदेशाची नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा होतात आणि उशिराची माफीही मागता येते. कलम 39 नं मुदतीच्या कायद्याची कलमं 5 आणि 12 इथं लावलीत. फक्त 'कामाच्या गडबडीत राहिलं' असं लिहू नका, समोर बसलेलेही वकीलच असतात. अपील टपालानं पाठवलंत तर शेवटच्या दिवसापर्यंत बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या सचिवांकडे पोचायला हवं, नुसतं पोस्टात टाकून भागत नाही. मराठीत असेल तर सोबत इंग्रजी भाषांतर.

खरी फसगत पुढं आहे. अपील दाखल केलं की शिक्षा थांबली असं समजून माणसं दुसऱ्या दिवशी गळ्याला वकिलाचा पांढरा बँड लावून कोर्टात उभी राहतात. कलम 40 प्रमाणे नुसत्या अपिलानं स्थगिती मिळत नाही, ती वेगळी मागावी लागते. अपिलाची मुदत चालू असताना शिक्षा देणाऱ्या समितीकडेही मागता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ती हातात येईपर्यंत वकीलपत्रावर सही नको, साधी तारीखही मागू नका.

अपिलाचा हक्क एकट्या वकिलालाच आहे असंही नाही. तक्रारदारही जाऊ शकतो. मुंबईच्या फौजदारी कोर्टांबाहेर अशील पळवणाऱ्या वकिलांना दिल्लीनं सोडलं, तेव्हा 1975 मध्ये सुप्रीम कोर्टानं राज्याच्या बार कौन्सिललाही तो हक्क मान्य केला. आणि शिक्षा वाढूही शकते, तुमचं म्हणणं ऐकून मगच, पण वाढू शकते.

त्या सहकाऱ्यांचं पाकीट सापडलं. वहिनींनी त्यात विजेची बिलं ठेवली होती. शिक्का अर्धाच उठलेला, तारीख मात्र वाचता येत होती. 53 वा दिवस. पोस्टावर भरवसा न ठेवता ज्युनियरला गोवा एक्सप्रेसनं दिल्लीला पाठवलं.