"सवय आहे त्याला"

आज दुपारी सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका हॉटेलात मणिपूरहून आलेल्या तरुण वेटरला शेजारच्या टेबलावरच्या गिऱ्हाइकाने त्याच्या डोळ्यांवरून हाक मारली आणि सगळे टेबल हसले. मी हरकत घेतली, तेव्हा गल्ल्यावरचे मालक म्हणाले, "राहू द्या हो सर, सवय आहे त्याला."

त्या तरुणाला मात्र कोणीच काही विचारले नाही. सवय झाली, हे त्याच्या वतीने दुसऱ्यानेच ठरवून टाकले, आणि हेच मला सर्वांत अधिक लागले.

राज्यघटनेचा १६ वा अनुच्छेद वंश, जात, जन्मस्थान यांवरून होणाऱ्या भेदभावाला मनाई करतो. पण ती सरकारी नोकरीपुरती. रोजगारातील भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार आपण १९६० सालीच स्वीकारला, तरी खासगी नोकरीसाठी तसा व्यापक कायदा आजही नाही. दिल्लीत दिसण्यावरून हिणवून मारहाण झालेल्या अरुणाचलच्या निडो तानिया या तरुणाच्या मृत्यूनंतर २०१४ मध्ये नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक अपमान हा स्वतंत्र गुन्हा मानावा, अशी शिफारस केली होती; २०२४ मध्ये नवी न्याय संहिता लागू झाली, तीतही तशी तरतूद आली नाही.

मग सांगलीतल्या अशा कामगाराने दाद मागायची ती पोलीस ठाण्यात, की कामगार आयुक्तांच्या कार्यालयात?